निषिद्ध पथ्य

भूपालअण्णा मगदूम आपल्या धाकट्या बहिणीशी खोटं बोलायला लागले तेव्हा त्यांनी सदुसष्टावं वर्ष ओलांडलं होतं. एरवी ते अगदी सत्यवादी होते असं नाही. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात उभी हयात गेलेल्या माणसाला तेवढं सोवळं पाळून भागत नाही. पण पद्मजाशी ते कधी खोटं बोलले नव्हते. आईवडील लवकर गेले, तिला अण्णांनीच लहानाची मोठी केली, शिकवलं. ती मधुमेहाची डॉक्टर होऊन सांगलीला परतली, त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांना मधुमेह निघाला. आता घरचीच डॉक्टर आहे, काळजी कसली, असं ते सौद्यावर सगळ्यांना सांगत.

काळजी करण्यासारखं मात्र होतं. वीसेक वर्षांत गोळ्यांची इंजेक्शनं झाली, एका इंजेक्शनाची चार झाली. इन्सुलिनची मात्रा वाढली की भूक वाढे, भुकेमागून वजन, आणि वजन वाढलं की पुन्हा मात्रा. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याने दिसायचं जवळजवळ थांबलं. पाठोपाठ उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती काही केल्या भरेना. पद्मजा दर वेळी आकडे बघायची, मात्रा बदलायची, आणि घरी जाऊन पुन्हा तेच आकडे काढून बसायची.

मग २०३८ साली अण्णांची साखर अचानक ताळ्यावर आली.

पद्मजाला ते कळलं जळूमुळे. हे यंत्र एव्हाना घरोघरी झालं होतं. दंडावर लावायची बोटाच्या पेराएवढी चकती. तिचं कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक होतं, पण चिकटून बसते म्हणून लोक तिला जळूच म्हणत. ती रक्त पीत नसे. तिच्या तळाला केसाहून बारीक सुया होत्या आणि सुयांच्या टोकांवर प्रयोगशाळेत घडवलेले रेणूंचे साचे. एक साचा साखरेचा, दुसरा इन्सुलिनचा, तिसरा कीटोनचा, चरबी जळताना होणाऱ्या पदार्थाचा. कुलपात किल्ली बसावी तसा नेमका रेणू आपल्या साच्यात बसला की वीजप्रवाहात किंचित फरक पडे. तो मोजून झाला की विजेच्या हलक्या धक्क्याने साचा रिकामा होई, पुढच्या मोजणीला तयार. साखर मोजणाऱ्या चकत्या जुन्याच होत्या. नवल होतं ते इन्सुलिनचं. त्यासाठी आजवर शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवावं लागे, आणि हाती येई तो एका क्षणाचा आकडा. जळू दिवसभराची सलग रेघ दाखवू शकत होती.

पण ती दाखवत नव्हती. पुण्यातल्या मधुमेह मानक मंडळाने जळूला मान्यता देताना तीनपैकी दोन रेघा बंद करायला लावल्या होत्या. साखर तेवढी दिसेल. इन्सुलिन आणि कीटोन फक्त संशोधनाचा परवाना असलेल्यालाच दिसतील. रुग्ण घाबरतील, साधे डॉक्टर गोंधळतील, असं कारण दिलं होतं. पद्मजा मंडळाची सभासद होती आणि त्या निर्णयावर तिचीही सही होती.

तर अण्णांची साखरेची रेघ सपाट झाली. दिवसामागून दिवस सपाट. फक्त रविवारी संध्याकाळी तिच्यात एक टेकडी उठायची. रविवारी पद्मजा त्यांच्याकडे जेवायला जाई. घर जैनाचं, दिवस मावळायच्या आत पानं उठत. ती आली म्हणून सुलोचनावहिनी आग्रह करकरून वाढतात आणि अण्णा दोन घास जास्त खातात, असा तिने त्या टेकडीचा अर्थ लावला होता आणि त्यावरून अण्णांची थट्टाही केली होती. अण्णा हसले होते. काय खाता, असं तिने विचारलं की ते सांगत, तू लिहून दिलंयस तेच, दोन भाकऱ्या, वाटीभर भात, वरण, पालेभाजी.

ती रेघ पद्मजाने पुण्याला मंडळाच्या बैठकीत पडद्यावर दाखवली. नाव झाकलेलं होतं. वीस वर्षांचा जुना, हट्टी मधुमेह, आणि केवळ मंडळाची मानक थाळी काटेकोर पाळून आलेला हा फरक, असं ती म्हणाली. मंडळाचे अध्यक्ष डॉ. दिगंबर शेवडे तिचे गुरू. ते सहसा कुणाचं कौतुक करत नसत. त्या दिवशी त्यांनी ती रेघ मंडळाच्या पुढच्या अहवालात घ्यायला सांगितली.

मानक थाळी म्हणजे निम्म्याहून अधिक ऊर्जा धान्यातून. देशभरातल्या दवाखान्यांच्या संगणकांत ती बसवलेली होती. डॉक्टरने दुसरं काही लिहायचं म्हटलं तर संगणक चिठ्ठीच काढत नसे. दुसरं काही म्हणजे मुख्यतः एकच गोष्ट: कीटोजेनिक आहार. धान्य, साखर, बहुतेक फळं बंद, आणि भर तेल-तूप, पनीर, दाणे, पालेभाज्यांवर. धान्य मिळालं नाही की रक्तातलं इन्सुलिन उतरतं, शरीर साठवलेली चरबी जाळायला काढतं, आणि यकृत त्या चरबीतून कीटोन नावाचं इंधन तयार करतं. तत्त्व एवढंच. ते मंडळाने सरसकट निषिद्ध ठरवलं होतं, आणि त्या कलमाचा मसुदा पद्मजाने स्वतः लिहिला होता.

त्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी ऋतुजा नावाची एक मुलगी तिच्या वॉर्डात आली होती. लग्न ठरलेलं, नुकताच मधुमेह निघालेला. साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी एक गोळी ती घेत होती, आणि कुठल्याशा व्हिडिओवर बघून तिने घरच्या घरी धान्य सोडलं होतं. ती गोळी आणि ते पथ्य एकत्र आलं की इन्सुलिन फारच खाली जाऊ शकतं. मग कीटोन आवरत नाहीत, रक्त आम्ल होतं. कीटोन म्हणजे चुलीतली आग. इन्सुलिन ती चुलीतच ठेवतं. ते संपलं की तीच आग घराला लागते. ऋतुजाची साखर मात्र साधारणच होती, त्यामुळे आधीच्या दवाखान्यात कुणाला संशय आला नाही. पद्मजाकडे आणली तेव्हा फार उशीर झाला होता. तिच्या वडिलांना बाहेर जाऊन सांगायचं काम पद्मजालाच करावं लागलं.

त्यानंतर या आहाराच्या बाजूने कुणी बोललं की ती शांतपणे ऋतुजाची हकीकत सांगायची, आणि समोरचा गप्प बसायचा. एकच विद्यार्थिनी गप्प बसली नव्हती: तस्लीम मुजावर. ती म्हणाली होती की मॅडम, ती पोर पथ्याने गेली की पथ्याबद्दल विचारायला कुणी डॉक्टर नव्हता म्हणून गेली? पद्मजाने तिला उद्धट म्हटलं होतं. शिक्षण संपवून तस्लीमने मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत दवाखाना टाकला, आणि दोघींची गाठभेट थांबली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तस्लीमविरुद्ध मंडळाकडे तक्रार आली. संशोधनाच्या परवान्याआड ती रुग्णांना निषिद्ध आहार देते, असा आरोप होता. शेवडेसरांनी चौकशी पद्मजाकडे सोपवली. तुझीच विद्यार्थिनी आहे, म्हणजे अन्याय केला असं कुणी म्हणणार नाही, असं ते म्हणाले.

पद्मजा मिरजेला गेली. तस्लीमने काही लपवलं नाही. कपाळावरचे केस पांढरे व्हायला लागले होते, बाकी ती तशीच होती. तिने चहा मागवला, संगणक उघडून दिला, आणि दार लोटून घेतलं. मग जरा संकोचून म्हणाली, "मॅडम, अण्णांना माझ्याकडे पाठवलंत, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते."

पद्मजाने कप खाली ठेवला. चौकशीला आलेल्या माणसाच्या आवाजातच तिने विचारलं, "कधीपासून येतात?"

"आठ महिने झाले. मी आधी नको म्हटलं. मॅडमना विचारल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून परत पाठवलं. पुन्हा आले ते तुमची संमती आहे असं सांगत. फक्त तुमचं नाव कुठे यायला नको म्हणाले. मी येऊ दिलं नाही."

म्हणजे ही मुलगी आठ महिने समजून चालली होती की मॅडम आतून आपल्या बाजूने आहेत. पद्मजाने अण्णांची माहिती बघायला मागितली.

पडद्यावर तीन रेघा आल्या. वरची ओळखीचीच होती, पुण्यात दाखवलेली. तिच्याखाली इन्सुलिनची रेघ. सुरुवातीला डोंगराएवढी, दिवसातून चारदा टोचलेल्या इन्सुलिनची, तरीही तेव्हा साखर बेफाम. मग आठवड्या-आठवड्याने तस्लीमने मात्रा उतरवत नेलेली. तिसरी, कीटोनची, जमिनीपासून थोडी वर उचललेली आणि तिथेच थांबलेली. चुलीतली आग. पद्मजाने आयुष्यभर इन्सुलिन दिलं होतं, पण देऊन झाल्यावर ते शरीरात दिवसभर काय करतं हे तिने या आधी पाहिलं नव्हतं.

"ती लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू होती त्यांना," ती म्हणाली. "माझीच आहे."

"पहिल्याच दिवशी बंद केली. आधी गोळी, मग भात. ऋतुजाची गोष्ट मी तुमच्याकडूनच ऐकलीय, मॅडम."

पद्मजाने रविवारच्या टेकडीवर बोट ठेवलं. तस्लीम म्हणाली, "रविवारी त्यांच्याकडे कुणी पाहुणे येतात म्हणे. त्यांच्या पंगतीला खावंच लागतं."

त्या दिवशी पद्मजा रविवार नसताना भावाकडे गेली. अण्णा पडवीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. अंगठ्याची पट्टी निघाली होती. तिने जखम वाकून पाहिली. कोवळी गुलाबी कातडी धरली होती. अण्णांनी ओळखलं आणि वहिनींना आत जायला सांगितलं.

"मिरजेला गेली होतीस?"

"सांगितलं का नाहीस मला?"

अण्णा सांगायला लागले. गेल्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वात त्यांनी पाच उपास केले होते, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. इंजेक्शनं अर्ध्याहून कमी करूनही साखर खाली खालीच आली. पद्मजाने तेव्हा सांगितलं होतं की उपास आहे म्हणून तसं होतंय. ते त्यांच्या डोक्यात राहून गेलं. उपास नसताना मी असं काय खातो की एवढं इन्सुलिन घालावं लागतं, असं त्यांना वाटायला लागलं. तेवढ्यात अंगठ्याच्या जखमेबद्दल शस्त्रक्रियेवाले डॉक्टर बोट काढायची भाषा करायला लागले. मग कुणीतरी मिरजेच्या बाईंचं नाव सांगितलं. कांदा-बटाटा नाही, अंडं नाही, अशा माणसाला हे पथ्य जमेल का, असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं. ती बाई एक दुपार बसून वहिनींशी बोलली: पनीर, तीळ, जवसाची चटणी, खोबरं, शेंगदाणे, दोडका, पालक, तूप. पहिले पंधरा दिवस भाकरीवाचून जीव गेल्यासारखं झालं. मग सवय झाली.

"ते मी विचारलं नाही," पद्मजा म्हणाली. "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुझ्यापुढे दोनच वाटा होत्या, पद्मा. मला थांबवायचं, नाहीतर स्वतः केलेला नियम मोडायचा. थांबवलं असतंस तर माझं बोट जातं. मोडला असतास तर तुझं नाव. मग म्हटलं, एवढं आपण आपल्या अंगावर घेऊ."

"मी लिहून दिलेली गोळी?"

"आणायचो आणि टाकून द्यायचो. इंजेक्शनंही ती बाई सांगेल तेवढीच घ्यायचो."

"आणि समजा घेतली असतीस? समजा ती पोरगी एवढी हुशार नसती? तू माझ्यासमोर बसून मेला असतास, अण्णा. आणि मी साखर किती छान आहे म्हणून तुझं कौतुक करत राहिले असते."

ऋतुजाची हकीकत अण्णांनी बहिणीच्या तोंडून अनेकदा ऐकली होती, पण ती आपल्याशी जोडून पाहिली नव्हती. त्यांनी चांगल्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं, मग पायाकडे. वहिनींनी आतून ताक आणून ठेवलं, ते कुणीच प्यालं नाही. पद्मजा उठून गेली. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

त्या दोन आठवड्यांत तिने तस्लीमच्या सगळ्या रुग्णांच्या रेघा पाहिल्या. सगळं काही अण्णांसारखं नव्हतं. साधारण तिघांतल्या एकाला मोठा गुण आला होता. काहींना थोडासा. काहींचं कोलेस्टेरॉल इतकं चढलं होतं की तस्लीमने आपणहून पथ्य थांबवलं होतं. बऱ्याच जणांनी लग्नसराई आली की सोडून दिलं होतं. कुणाला काय होईल हे आधी सांगता येत नव्हतं. पण तिन्ही रेघा उघड्या असल्या तर पंधरवड्याच्या आत दिसत होतं. मंडळाने झाकल्या होत्या त्या नेमक्या याच रेघा.

सुनावणी पुण्याला झाली. तस्लीमने आपली बाजू थोडक्यात मांडली आणि पद्मजाकडे न बघता खाली बसली. मग शेवडेसर बोलले. त्यांचं बोलणं कधीच पोकळ नसायचं. ते म्हणाले, "नियम हुशार डॉक्टरसाठी नसतो. डॉक्टर मुजावर एकच आहेत. उद्या त्यांचं नाव सांगून हजार भोंदू दुकानं थाटतील, आणि त्यांतला एकही आधी गोळी बंद करणार नाही. ज्याला कुणी विचारणारं नाही अशा माणसासाठी मी नियम करतो." मग त्यांनी चौकशी अधिकाऱ्याचं मत विचारलं.

पद्मजाला गप्प राहता आलं असतं. रुग्णांची नावं झाकलेलीच होती. अण्णांचं गुपित फुटायचं काही कारण नव्हतं, आणि तिच्या नावाने अहवालात निघणारी ती सपाट रेघ तशीच राहिली असती. ती उभी राहिली. मागच्या बैठकीत आपण मानक थाळीचा पुरावा म्हणून जी रेघ दाखवली ती याच दवाखान्यातल्या रुग्णाची आहे, निषिद्ध आहारावरची आहे, असं तिने सांगितलं. तो रुग्ण आपला सख्खा भाऊ आहे. रेघेत दर आठवड्याला एक चढ दिसतो. मंडळाची थाळी तो फक्त त्या दिवशी जेवतो, कारण त्या दिवशी मी समोर बसलेली असते.

सभागृहात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"सर," पद्मजा म्हणाली, "ऋतुजा गेल्यावर हे कलम मीच लिहिलं. त्याने लोकांचं खाणं बदललं नाही. आम्हाला सांगणं तेवढं बंद झालं. माझ्या भावाने मला सांगितलं नाही. मग ज्याला कुणी विचारणारं नाही तो कुणाला सांगेल?"

शेवडेसर चष्मा काढून पुसत बसले.

निकाल लागला तो कुणाच्याच मनासारखा नव्हता. नियम मोडला होता हे खरंच होतं, म्हणून तस्लीमचा डॉक्टरकीचा परवाना वर्षभरासाठी गेला. पद्मजाची रेघ अहवालातून वगळली गेली, तिचं सभासदत्वही गेलं. कलम कायम राहिलं. पण शेवडेसरांनी शेवटी एक दुरुस्ती स्वतः सुचवली. कीटोनची रेघ सगळ्या दवाखान्यांना उघडी करावी. आणि तस्लीमचे रुग्ण मध्येच वाऱ्यावर सोडले तर धोका आहे. त्यांना एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरच्या देखरेखीखाली, अभ्यास म्हणून, आहे त्या पथ्यावर राहू द्यावं. असा डॉक्टर कोण, असं त्यांनी विचारलं. कुणी हात वर केला नाही. पद्मजाने केला.

बाहेर आल्यावर तिने तस्लीमला खरं सांगितलं: अण्णांना मी पाठवलं नव्हतं, मला ठाऊकच नव्हतं. तस्लीम जिन्यातच थांबली. मग म्हणाली की ते ठाऊक असतं तर मी त्यांना घेतलंच नसतं. दोघी एकाच गाडीने परतल्या.

अण्णांचा अंगठा वाचला. डावा डोळा परत आला नाही, आणि वर्षअखेरीस त्यांचंही कोलेस्टेरॉल चढलं, त्यासाठी एक गोळी लागली. इन्सुलिन मात्र दिवसातून एकदा, थोडंसं, एवढंच उरलं. पद्मजा रविवारी पुन्हा जायला लागली. वहिनी आता दोन वेगळी पानं वाढत. अण्णा तिच्या पानातल्या भाकरीकडे बघत आणि बघतोय हे लपवत नसत.

मिरजेच्या दवाखान्यात पद्मजा बसायला लागली त्याच आठवड्यातली गोष्ट. तस्लीमला डॉक्टरच्या खुर्चीत बसायची मनाई होती, म्हणून ती बाहेर वजनकाट्यापाशी बसून नाव-गाव विचारत होती. तिने आत पाठवलेल्या एका बाईने दार ढकललं, पद्मजाला पाहिलं, आणि ती उंबऱ्यातच थबकली. कस्तुरीबाई आवटी. पंधरा वर्षं पद्मजाच्या सांगलीच्या दवाखान्यात येणाऱ्या, सांगितलेलं सगळं पाळतो म्हणणाऱ्या.

"मी चुकून आले वाटतं," कस्तुरीबाई म्हणाल्या, आणि मागे वळल्या.

"बसा," पद्मजा म्हणाली.

"न्हाई, म्हंजे मी तुमचंच औषध घेते, मॅडम. हितं आपलं शेजारणीसंगं..."

"कस्तुरीबाई, बसा. हे पथ्य आता इथे उघड चालतं. तुम्ही खरोखर काय खाता ते मला सांगा. मी रागावणार नाही. मला ते कळायला हवंय."

कस्तुरीबाईंनी एकदा बाहेर तस्लीमकडे पाहिलं. तस्लीमने मान हलवली. मग त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि सकाळच्या चहापासून सांगायला लागल्या.